खडूच्या नावावरचा तास

आमच्या विभागात एक रीत आहे. बैठकीला जो गैरहजर राहील, त्याच्या गळ्यात नवं काम पडतं. ही रीत कोणी ठरवलेली नाही, पण इतकी पक्की आहे की माणसं तापाने फणफणत असली तरी शाल गुंडाळून बैठकीला येऊन बसतात. मी मात्र त्या दिवशी दाढ काढायला गेले होते. सुजलेला गाल धरून परत आले तर जिन्यातच साहेबांनी गाठलं.

साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. माझाच जुना विद्यार्थी. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर डुलक्या काढायचा, आणि आता मला "मॅडम, जरा दोन मिनिटं" म्हणून थांबवतो. वाईट नाही बिचारा. खुर्चीत बसल्यापासून केस तेवढे गेले.

"मॅडम, मनस्वास्थ्य समितीचं प्रमुखपद तुमच्याकडे आलंय."

"समितीत आणखी कोण आहे?" मी अर्ध्या तोंडाने विचारलं. उरलेलं अर्धं अजून बधिर होतं.

"सध्या तुम्हीच."

"मग ती समिती कशी काय?"

"वरून आदेश आहे. प्रत्येक विभागात शिक्षकांच्या मनस्वास्थ्यासाठी समिती हवी. लोक फार ताणाखाली आहेत म्हणे."

"लोक ताणाखाली कशाने आहेत ते वरच्यांना सांग. समित्यांनी."

एरवी तो हसला असता. त्या दिवशी नाही हसला. कठड्यावर हात ठेवून खाली बघत म्हणाला, "खडूसाठी तरी घ्या, मॅडम."

खडू हा माझ्या खोलीतला सोबती. आमचा विभाग गणित आणि संख्याशास्त्राचा. मी संख्याशास्त्रवाली, तो गणितवाला, आणि दोघांत मिळून एक खोली, एक खिडकी आणि एक किटली. त्याला खडू हे नाव पोरांनी ठेवलं. सगळ्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायला सुरुवात केली तरी या गृहस्थाने फळा सोडला नाही. खिशात खडू, बाहीवर खडू, एकदा तर चहात खडू बुडवून बसला आणि बिस्किट समजून तोंडात घालणार होता. मला तो ताई म्हणतो. माझ्यापेक्षा बराच लहान. त्याच्या लग्नाची बोलणी मी केली, त्याच्या मुलीला पाढे मी शिकवले. तेव्हा हे नुसतं तोंडदेखलं ताई नव्हे.

तर या खडूचं मागच्या सत्रात असं झालं. पहिल्या वर्षाचा मोठा वर्ग, शिकवणं रंगात आलेलं, फळा अर्धा भरलेला. आणि तो थांबला. पुढची ओळ आठवेना. कोणाचंही होतं असं. माझं तर दर आठवड्याला होतं, मी खोकल्याचं नाटक करते आणि तेवढ्यात आठवतं. पण खडू तसाच फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. पोरं आधी वाट बघत राहिली, मग कुजबुजली, मग गप्प झाली. शेवटी त्याने हातातला खडू अलगद खाली ठेवला, वर्गाबाहेर पडला आणि चालत घरी गेला. बॅग वर्गातच राहिली, छत्री खोलीत राहिली. वहिनींनी दार उघडलं तर म्हणाला, "मला येत नाही गं आता." आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

अचानक झालं असं सगळे म्हणाले. अचानक कसलं. त्याच्या आधी वर्षभर तो प्रवेशाचं काम बघत होता, तपासणीला येणाऱ्या पथकासाठी कपाटंच्या कपाटं कागद तयार करत होता, दोन रिकाम्या जागांचे तास घेत होता, आणि घरी वडील अंथरुणाला खिळलेले. विचारलं की "चाललंय, ताई" म्हणायचा. आणि मीही त्या "चाललंय"वर विश्वास ठेवून माझी किटली लावायचे.

मग डॉक्टर झाले. मनाचे डॉक्टर, चांगले मिळाले. गोळ्या सुरू झाल्या, रजा झाली, झोप परत आली, वडिलांसाठी बाई ठेवली. रजा संपवून खडू कामावर आला तेव्हा मी मनातल्या मनात हुश्श केलं. तो पेपर तपासू लागला, टिपणं काढू लागला, एखादा विद्यार्थी शंका घेऊन खोलीत आला की नीट समजावून सांगू लागला. फक्त वर्गात जाता येईना. मोठ्या वर्गाच्या दारापाशी पोचला की घाम फुटायचा, हात थरथरायचे आणि तो माघारी फिरायचा. एकदा दोनदा नाही, दर वेळी.

साहेबांनी जिन्यात मला सगळं सांगून टाकलं. वरून विचारणा झाली होती. हे सत्र संपेपर्यंत खडूने स्वतः तास घेतला नाही, तर पहिल्या वर्षाचा वर्ग दुसऱ्याला द्यायचा आणि खडूला कायमचं परीक्षा विभागात बसवायचं. पगार तोच, खुर्ची बरी, त्रास कमी.

"त्याला विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारलं. म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. आणि मग माझ्यासमोर रडला, मॅडम. काय करू ते मला कळेना. मी त्याला पाणी दिलं."

पाणी दिलंस हेही पुष्कळ झालं, असं मी म्हटलं आणि ती भिकार समिती पत्करली. खडूला फळ्यापासून उचलून परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला बसवायचं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं. तो जगला असता, पण कसा, ते आम्हीच बघितलं असतं.

समितीचं पहिलं काम आधीच ठरलेलं होतं. एक प्रशिक्षक येणार होते. छान कपडे, छान आवाज. त्यांनी आम्हां सगळ्यांना सभागृहात बसवलं, अर्ध्या भरलेल्या पेल्याचं चित्र दाखवलं आणि मग डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांगितलं. शिक्षकांना डोळे मिटायला सांगणं म्हणजे काय? निम्मे लोक झोपले. एक जण घोरला. उरलेल्या निम्म्यांनी टेबलाखाली पेपर तपासून घेतले. शेवटी शंका विचारायची वेळ आली तेव्हा आमच्यातल्या तिघांनी शंका न विचारता भाषणं केली, कारण शिक्षकाला प्रश्न विचारता येत नाही, त्याला उत्तरच येतं. बाहेर पडताना साहेबांनी हजेरी घेतली.

खडू माझ्या शेजारीच होता. जिना उतरताना म्हणाला, "बरं वाटलं, ताई."

"खरं सांग."

"झोप छान लागली."

बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून चेष्टा ऐकली. मी एवढी खूश झाले की पाय घसरून पडणारच होते.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. वहिनी भाजी चिरत होत्या. खडू वडिलांना पेपर वाचून दाखवत होता. मी वहिनींना म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं? परीक्षा विभाग बरा का?"

वहिनी सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, हे आंघोळ करताना शिकवतात. अजूनही. मी दाराबाहेरून ऐकते. 'समजा एक रेषा आहे' असं सुरू करतात आणि पुढे अर्धा तास पाणी वाया. ते तिकडे बसले तर हेसुद्धा बंद होईल. मला त्याची भीती वाटते."

मग मला जे सुचलं ते आमच्याच कामाच्या पद्धतीतून सुचलं. आमच्याकडे कोणी आजारी असलं की दुसरा त्याच्या बदली तास घेतो. वेळापत्रकात नाव मात्र मूळ माणसाचंच राहतं. आणि अलिखित नियम असा की ज्याच्या बदली तास, त्यानेच टिपणं द्यायची आणि काय शिकवायचं ते समजावून सांगायचं. मी साहेबाकडे जाऊन म्हटलं, "वर्ग खडूच्या नावावरच राहील. सत्र संपेपर्यंत बदली मी."

"मॅडम, तुम्ही? गणित?"

"का? मी काय इथे स्वयंपाकाला आले होते?"

"तसं नाही, पण किती वर्षं झाली तुम्हाला…"

"ते माझं मी बघते. तू वरच्यांना सांग, तास चालू आहेत."

खडूला सांगितलं तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्यावरच्या ओझ्यामुळे नव्हे. "ताई, तुम्ही माझ्या पोरांचं वाटोळं कराल," असं तो सरळ म्हणाला. मी म्हटलं, मग शिकव मला. डॉक्टरांना विचारून आला. डॉक्टर म्हणाले, चालेल, आणि जमेल तेव्हा ताईंबरोबर वर्गाच्या दिशेने थोडं थोडं चालत जा, घाई करू नका, गोळ्या चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझी शाळा भरली. आमच्या खोलीत एक छोटा फळा आहे, त्यावर आम्ही दुधाचा हिशेब लिहायचो. खडूने तो स्वच्छ पुसला, मला समोर बसवलं आणि म्हणाला, "समजा एक रेषा आहे."

मी वाईट विद्यार्थिनी आहे हे मला त्या वयात कळलं. मी मधेच बोलते, उत्तर आधी सांगते, ते चुकलं की वाद घालते. खडू चिडायचा नाही. "इथपर्यंत पटलं का?" असं विचारायचा, आणि मी नाही म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्याच वाटेने. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, डोक्यात शिरत नाहीये माझ्या. सोड." तर म्हणाला, "ताई, शिरत नाही म्हणजे मी नीट सांगत नाहीये." मला हसूही आलं आणि भरूनही आलं. इतक्या वर्षांत मी हे वाक्य माझ्या एकाही विद्यार्थ्याला म्हटलं नव्हतं. मी आपली "लक्ष कुठे आहे तुझं" म्हणणाऱ्यांपैकी.

घरी आमचे हे हैराण. हे निवृत्त झाल्यापासून यांना एकच छंद, गच्चीवरची पाण्याची टाकी. सकाळ-संध्याकाळ वर जाऊन झाकण उघडून काठी घालून बघायचं आणि जिन्यातून ओरडायचं, "हातभर रिकामी. वीतभर रिकामी." किती पाणी आहे हे कधी सांगणार नाहीत, किती रिकामी आहे तेच सांगणार. लग्न झाल्यापासून असंच. मी स्वयंपाकघरात खडूची टिपणं पाठ करत बसलेली आणि वरून यांची बोंब, "अगं, अर्धा हात रिकामी." मी म्हणायचे, "माझं डोकं पूर्ण रिकामं आहे, तेवढं आधी भरू दे."

वर्ग मात्र चालू झाला. पोरं सुरुवातीला गालातल्या गालात हसली, मग सरावली. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, तिला सगळे शंकाबाई म्हणतात, कारण तिचा हात खाली असतो तेव्हाच नवल वाटतं. ती दर तासाला मला घाम फोडायची. मी म्हणायचे, "उद्या सांगते," आणि दुसऱ्या दिवशी खडूकडून उत्तर घेऊन जायचे. खडू ते उत्तर सांगताना खुर्चीतून उठून उभा राहायचा. "कोणी विचारलं हे? तिनेच ना? चांगली शंका आहे," म्हणायचा, आणि डोळे असे चमकायचे की वहिनींना बोलावून दाखवावंसं वाटे.

आणि तो माझ्याबरोबर चालत यायला लागला. आधी खोलीच्या दारापर्यंत. मग पाण्याच्या यंत्रापर्यंत. तिथे पेला हातात धरून उभा राहायचा, तास संपेपर्यंत. घाम यायचा, ते मला दिसायचं, पण तो उभा राहायचा. मग सूचनाफलकापर्यंत. तिथून माझा आवाज ऐकू यायचा म्हणे. तास संपवून मी बाहेर आले की म्हणायचा, "दुसऱ्या उदाहरणात घाई केलीत." काही दिवस वाईट जायचे. एके दिवशी पाण्याच्या यंत्रापासूनच परत गेला आणि दिवसभर बोलला नाही. मी किटली लावली, चहा त्याच्यासमोर ठेवला आणि माझे पेपर तपासत बसले. संध्याकाळी तोच म्हणाला, "ताई, उद्या बघू." सत्र संपत आलं तेव्हा तो वर्गाच्या दाराशी पोचला होता. दाराच्या बाहेर, चौकटीला टेकून. पोरांना दिसायचा. पोरं शहाणी, कोणी मान वळवून बघत नसे. पण आत पाऊल पडत नव्हतं, आणि साहेब मला जिन्यात भेटला की नुसता माझ्याकडे बघायचा. मीही नुसतं बघायचे.

त्या दिवशी टाकीचं उदाहरण होतं. गणिताच्या पुस्तकांत टाक्या फार. एक टाकी आहे, तळाला भोक आहे, पाणी गळतंय, तर किती वेळात रिकामी होईल. खडूने सकाळी मला ते नीट शिकवलं होतं. तळापासून पाण्याची उंची मोजायची. पाणी कमी होतं, म्हणून उंचीच्या बदलापुढे वजा चिन्ह. सोपं आहे. मी मान डोलावली, टिपण घेतलं, आणि वर्गात फळ्यासमोर उभी राहिले तर चष्मा खोलीत.

टिपण वाचता येईना. आता परत जायचं तर खडूच्या समोरून जायचं, त्याला वाटणार काहीतरी बिनसलं. म्हटलं, टाकीच ना? टाकी मला काय नवी आहे? मी फळ्यावर टाकी काढली आणि डोळ्यांसमोर आले आमचे हे, झाकण उघडून काठी घालणारे. मी वरून मोजायला सुरुवात केली. पाणी किती ते नाहीच, रिकामा भाग किती ते, आणि त्यालाच अक्षर दिलं. पोरांना तसं सांगितलं, काठीसकट. पोरं हसली, त्या गलक्यात दारापर्यंत काय पोचलं आणि काय नाही, देव जाणे. मग पाणी गळतंय म्हणजे रिकामा भाग वाढतोय, वाढतोय म्हणजे अधिक. मी ठसठशीत अधिक चिन्ह लिहिलं.

"वजा, ताई."

दारातून आवाज आला. मी वळले.

"वजा. पाणी कमी होतंय. अधिक कसं लिहिता? पोरं तेच उतरवतायत."

आणि बोलता बोलता तो आत आला. सरळ आला, बाकांच्या मधून, फळ्यापर्यंत. माझ्या हातातून खडू घेतला, माझं अधिक चिन्ह बोटाने पुसलं आणि तिथे वजा काढलं. मी बाजूला झाले. तो आत आल्याचं त्याच्या स्वतःच्या लक्षात आलेलं नव्हतं. शिक्षकाला फळ्यावरची चूक बघवत नाही, एवढंच काय ते झालं होतं. तो झरझर लिहीत गेला, एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ, तोंडाने समजावत, अगदी पूर्वीसारखा, आणि मी फळ्याच्या कडेला उभी राहून मनात म्हणत होते की आता कोणी काही बोलू नका रे.

"म्हणजे थोड्या वेळाने आपल्याला काय दिसेल," खडू म्हणाला, "की ही टाकी…"

आणि थांबला.

फळ्यावरच्या हिशेबाप्रमाणे टाकी भरत चालली होती. तळाला भोक असलेली टाकी, काठोकाठ. कारण हिशेबातलं अक्षर मी धरलेलं होतं, ते रिकाम्या भागासाठी होतं, आणि रिकाम्या भागापुढे त्याने वजा लावलं होतं. चूक माझी नव्हती. चूक त्याची होती. सगळ्या वर्गासमोर, फळाभर.

तो फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याच जागी. मला त्याची पाठ दिसत होती आणि खडू धरलेला हात. वाटलं, संपलं. इतके दिवस त्याला एकेक पाऊल चालवत आणलं आणि नेमकं याच खड्ड्यात आणून पाडलं, तेही माझ्या हट्टापायी, माझ्या चष्म्यापायी. मी तोंड उघडलं, काहीतरी थाप मारायला, की माझंच चुकलं, मीच घोळ घातला. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा हात वर गेला.

"सर," शंकाबाई म्हणाली, "मॅडम वरून मोजत होत्या."

खडू वळला. "वरून?"

"हो. झाकणाकडून. काठीने."

त्याने फळ्याकडे बघितलं. मग टाकीच्या चित्राकडे. मग माझ्याकडे. कपाळावर घाम होता. मला त्या क्षणी त्याला ओढून बाहेर न्यावंसं वाटलं.

"अच्छा," तो म्हणाला. "मग माझं चुकलं. खोडा."

आणि पोरांनी खोडलं. बस, एवढंच. साठ-सत्तर पोरांनी माना खाली घातल्या आणि खर्रखर्र रेघा मारल्या. मागून एकाने विचारलं, "सर, खालच्या तिन्ही ओळी खोडायच्या का?" "हो, तिन्ही," खडू म्हणाला. दुसरा एक जण शेजाऱ्याकडे पेन मागत होता. कोणी हसलं नाही, कोणी दचकलं नाही, छत जागेवर होतं. खडू ते सगळं बघत उभा राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते म्हणून सांगते, त्याला आश्चर्य वाटत होतं. खरोखरचं आश्चर्य.

मग त्याने फडकं घेतलं, स्वतःच्या तिन्ही ओळी पुसल्या, माझं अधिक चिन्ह जागेवर आणलं आणि म्हणाला, "ताई, बसा."

मी पहिल्या बाकावर शंकाबाईच्या शेजारी जाऊन बसले. तिने मला रुमाल दिला. मी म्हटलं, खडूची भुकटी गेलीये डोळ्यांत. ती म्हणाली, "हो मॅडम," आणि पुन्हा हात वर केला.

आता यातून कोणी अर्धा भरलेला पेला वगैरे काढू नये. खडू एका तासात बरा झाला असंही मी म्हणत नाही. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर चालू आहेत, त्या दिवशी दुपारी तो इतका दमला की खोलीत टेबलावर डोकं ठेवून झोपला आणि मी वहिनींना फोन करून हळू आवाजात सगळं सांगितलं. वहिनींनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "जेवायला या आज. तुमच्या यांनाही घेऊन या." गेलो तेव्हा आमचे हे भलतेच फुगलेले. आपल्या टाकीने एका प्राध्यापकाला बरं केलं असं त्यांनी गल्लीभर सांगून झालं होतं. मी हात टेकले.

साहेबाने मात्र सगळं ऐकून मला एकच विचारलं. "मॅडम, तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"मुद्दाम करायला मला तेवढं गणित येतं का?" मी म्हटलं. त्याला पटलं नाही. तो अजूनही सगळ्यांना सांगतो की ही मॅडमची युक्ती होती. सांगो बापडा. माझं दुःख वेगळंच आहे. जन्मात एकदा गणितात माझं बरोबर आलं, आणि ते कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी माझा तो तास रिकामा झाला. मी किटली लावली, पेपर काढले, पण जीव लागेना. शेवटी उठले आणि वर्गाशी गेले. पाण्याच्या यंत्राशी थांबले, सूचनाफलकाशी थांबले, दाराशी थांबले. खडू आत होता. हात अजूनही थोडा कापत होता, खडू फळ्यावर टेकवताना टकटक वाजत होता. त्याने मला बघितलं आणि मानेनेच आत बोलावलं. मी मागच्या बाकावर बसले, एका डुलक्या काढणाऱ्याच्या शेजारी. त्याला कोपराने जागं केलं.

खडूने फळ्यावर टाकी काढली. शेजारी दुसरी टाकी काढली. एकीच्या तळाशी शून्य लिहिलं, दुसरीच्या झाकणाशी. मग वर्गाकडे वळला.

"काल या जागेवर माझं चुकलं होतं," तो म्हणाला, "आणि ताईंचं बरोबर होतं. ज्यांनी ओळी खोडल्यात त्यांनी त्या पानावर तसं लिहून ठेवा. मग पुढे जाऊ."

वर्गातल्या सगळ्या माना खाली गेल्या. पोरं लिहायला लागली. माझ्या शेजारचा जांभई देत मला म्हणाला, "मॅडम, पेन आहे का?" मी त्याला माझं पेन दिलं.